एका जादा ‘वाय’ची बदनामी

दर हजार मुलग्यांमागे साधारण एक मुलगा नेहमीपेक्षा एक जास्तीचे ‘वाय’ गुणसूत्र घेऊन जन्माला येतो. पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय असते, हे आपण शाळेत शिकलेलो आहोत. या मुलाच्या पेशीत एक एक्स आणि दोन वाय असतात. वडिलांच्या शरीरात शुक्राणू तयार होताना वायच्या दोन प्रती एकमेकींपासून सुटायच्या राहिल्या की असे होते. त्यात कुणाची चूक नसते, ते घराण्यातून आलेले नसते आणि बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातही येत नाही. मुलगा जरा उंच होतो, शाळेत जातो, नोकरीला लागतो, लग्न करतो, बाप होतो. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ५ कोटी ८२ लाखांच्या आसपास पुरुष होते. म्हणजे हजारी एक या हिशेबाने आपल्या राज्यातच पन्नास हजारांच्या वर पुरुष असे असणार. त्यातल्या बहुतेकांना याची कल्पनाही नसेल.

याच जादा वायला एके काळी ‘गुन्हेगारी गुणसूत्र’ म्हणत. माणसाच्या वागण्याची मुळे जनुकांत शोधताना काय काय बिघडू शकते, हे समजून घ्यायला याच्याइतके बोलके प्रकरण दुसरे नाही. म्हणून ते जरा सविस्तर पाहू.

असा पहिला पुरुष वैद्यकाच्या नोंदीत आला तो १९६१ मध्ये, अमेरिकेतल्या बफलो शहरात. चव्वेचाळीस वर्षांचा, बुद्धीने सामान्य, संसारी माणूस. त्याच्या एका अपत्याला डाउन सिंड्रोम होता म्हणून आई-वडिलांची गुणसूत्रे तपासली, तेव्हा हे योगायोगाने सापडले. गोष्ट इथून पुढे सरळ गेली असती तर एक्सवायवाय ही पुस्तकातली एक किरकोळ नोंद राहिली असती.

पण पुढचा शोध वेगळ्या ठिकाणी घेतला गेला. स्कॉटलंडमध्ये कारस्टेअर्स इथे हिंसक प्रवृत्तीच्या मनोरुग्णांना कुलूपबंद ठेवणारे सरकारी रुग्णालय आहे. पॅट्रिशिया जेकब्ज आणि सहकाऱ्यांनी तिथल्या १९७ पुरुषांची गुणसूत्रे तपासली. त्यात सात एक्सवायवाय निघाले. डिसेंबर १९६५ मध्ये हा निबंध ‘नेचर’मध्ये आला आणि त्याच्या मथळ्यातच ‘आक्रमक वर्तन’ हे शब्द होते.

सात हा आकडा अपेक्षेपेक्षा बराच मोठा आहे, यात शंका नाही. पण त्यावरून एक्सवायवाय माणूस आक्रमक असतो असे म्हणता येत नाही. रुग्णालयाच्या अपघात विभागात बसून दुचाकीस्वारांची पाहणी केली, तर पुण्यातला प्रत्येक दुचाकीस्वार हात-पाय मोडलेलाच दिसेल. बाहेर रोज सुखरूप घरी पोचणारे लाखो जण तिथे येतच नाहीत. कारस्टेअर्सच्या भिंतीबाहेर किती एक्सवायवाय पुरुष आहेत आणि ते कसे वागतात, हे त्या वेळी कुणीच मोजलेले नव्हते. पुढे तुरुंग, सुधारगृहे, मनोरुग्णालये अशाच ठिकाणी तपासण्या होत गेल्या आणि जो तो तेच शोधून काढू लागला. मथळ्यातले ते शब्द वापरायला नको होते, अशी कबुली जेकब्जबाईंनी पुढे स्वतःच जाहीरपणे दिली. तोवर दीड दशक उलटले होते.

मधल्या काळात वर्तमानपत्रांनी हात धुऊन घेतले. १९६६च्या जुलैमध्ये शिकागोत रिचर्ड स्पेक नावाच्या माणसाने परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या आणि काम करणाऱ्या आठ तरुणींचा एका रात्रीत खून केला होता. स्पेक एक्सवायवाय असल्याची बातमी १९६८ मध्ये सगळीकडे छापून आली. प्रत्यक्षात त्याची तपासणी झाली होती आणि गुणसूत्रे चारचौघांसारखी, एक एक्स आणि एक वाय अशीच निघाली होती. खुलासा झाला, पण खुलासे बातमीइतके लांब कधी जातात? पुढची कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांतही स्पेकचे उदाहरण दिले जात राहिले. त्याच वर्षी पॅरिस आणि मेलबर्न इथल्या खुनाच्या खटल्यांत आरोपींच्या वकिलांनी जादा वायचा आधार घेतला. गुणसूत्र आता कोर्टाची पायरी चढले होते.

आणि मग पाळण्यापर्यंत पोचले. बोस्टनच्या एका मोठ्या प्रसूती रुग्णालयात हार्वर्डचे बालमनोविकारतज्ज्ञ स्टॅन्ली वॉल्झर आणि जनुकशास्त्रज्ञ पार्क जेराल्ड यांनी १९६८ पासून जन्मणाऱ्या बाळांची गुणसूत्रे तपासायला सुरुवात केली. शास्त्राच्या दृष्टीने कल्पना अगदी योग्य होती. तुरुंगातून मागे जाण्याऐवजी जन्मापासून पुढे चला. जादा वाय असलेली मुले वाढताना बघा, म्हणजे खरे काय ते कळेल. शिवाय या मुलांना बोलायला उशीर किंवा अभ्यासात अडचण आली, तर लवकर मदत करता येईल, असे वॉल्झर यांचे म्हणणे होते. तेही खोटे नव्हते. पैसा मात्र अमेरिकी सरकारच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या ज्या विभागाकडून येत होता, त्याचा विषय होता गुन्हेगारी आणि बालगुन्हेगारी. तान्ह्या बाळाच्या नोंदवहीवर कुणाची सावली पडली होती, हे त्यावरून समजावे.

आक्षेप घेणाऱ्यांत पुढे होते जॉन बेकविथ. हेही हार्वर्डचेच जनुकशास्त्रज्ञ. १९६९ मध्ये जिवाणूचे एक जनुक प्रथमच वेगळे काढणाऱ्या चमूचे प्रमुख. म्हणजे विज्ञानाला विरोध करणारा कुणी बाहेरचा माणूस नव्हे. त्यांचे आणि एमआयटीतले त्यांचे सहकारी जोनाथन किंग यांचे दोन मुख्य मुद्दे होते. पहिला संमतीचा. बाई बाळंतपणासाठी दाखल होते त्या वेळी तिच्यापुढे कागद ठेवायचा आणि सही घ्यायची. कळा येत असलेल्या बाईने त्या कागदावरचे काय वाचावे? आणि ‘तुमच्या मुलाविषयी असे काही कळू शकते, की जे त्याला जन्मभर चिकटेल,’ हे त्यावर लिहिलेले होते का?

दुसरा मुद्दा त्याहून खोल आहे, आणि माझ्या मते या सगळ्या क्षेत्राची मेख तिथे आहे. समजा तपासणीत जादा वाय निघाले. संशोधकाने आई-वडिलांना सांगायचे की नाही? सांगितले, तर ते घर पूर्वीसारखे राहत नाही. दोन वर्षांचे पोर खेळणे फेकते, शेजारच्या मुलाला चावते. एरवी आई ‘द्वाड आहे मेला’ म्हणून सोडून देईल. पण वर्तमानपत्रात ‘गुन्हेगारी गुणसूत्र’ वाचलेली आई त्याच चावण्याकडे वेगळ्या नजरेने बघणार. जास्त रागावणार किंवा घाबरून सगळे सोसणार. बाप मनातून दूर होणार. मुलाला ते कळल्याशिवाय राहत नाही. दहा वर्षांनी ते मूल बिथरलेले दिसले, तर त्याचे कारण गुणसूत्र की ती नजर, हे कोणत्या चाचणीने ठरवणार? आणि सांगितले नाही, तर आई-वडिलांच्या दारी वर्षानुवर्षे जाऊन त्यांच्याच मुलाची निरीक्षणे करायची आणि का करतो हे लपवायचे; हा सरळ सरळ विश्वासघात झाला. रक्तदाब मोजल्याने रक्तदाबाचे कारण बदलत नाही. वर्तनाच्या अभ्यासात मात्र मोजणीच मोजल्या जाणाऱ्या गोष्टीत शिरते. बोस्टनमध्ये आई-वडिलांना सांगितले जात होते. त्यामुळे अभ्यास नैतिक कसोटीवर जितका सावरला, तितकाच शास्त्रीय कसोटीवर डळमळला.

याच सुमारास मेरीलँड राज्यात चाललेल्या दुसऱ्या अभ्यासातले एक नाव मराठी वाचकाचे लक्ष वेधून घेईल: दिगंबर बोरगावकर. जॉन्स हॉपकिन्समधले हे नामवंत गुणसूत्रतज्ज्ञ. त्यांच्या अभ्यासात सुधारगृहांतली मुले आणि मोफत उपचार योजनेत आलेली बाल्टिमोरची गरीब मुले, त्यातली बहुसंख्य कृष्णवर्णीय, अशा काही हजारांची तपासणी ठरली होती. संमतीशिवाय रक्त घेतले जात असल्याची बातमी १९७० मध्ये आली आणि गदारोळ झाला. इथे फुकट औषधाच्या बदल्यात काय घेतले जात होते, हा प्रश्न सुटत नाही. पण याच बोरगावकरांनी सलीम शहा यांच्याबरोबर १९७४ मध्ये तोवरच्या सगळ्या पुराव्याचा आढावा लिहिला आणि सारख्याच सामाजिक परिस्थितीतल्या इतर पुरुषांपेक्षा एक्सवायवाय पुरुष फारसे वेगळे वागत नसावेत, असा निष्कर्ष मांडला.

हार्वर्डमधला वाद १९७५ च्या मार्चमध्ये मतदानापर्यंत गेला. प्राध्यापकांनी मोठ्या बहुमताने अभ्यास चालू ठेवायच्या बाजूने कौल दिला. तरीही काही महिन्यांत वॉल्झर यांनी नव्या बाळांची तपासणी थांबवली. धमक्या आणि मनस्तापाला ते कंटाळले होते. आधी सापडलेल्या मुलांचा पाठपुरावा मात्र त्यांनी सोडला नाही.

आता गंमत पाहा. ‘गुन्हेगारी गुणसूत्रा’चा फुगा फोडला कुणी? विरोधकांनी शंका उभ्या केल्या, हे खरे. पण पुरावा आला तो बोस्टनसारख्याच, एडिंबरा, डेन्व्हर, टोरांटो आणि डेन्मार्कमधल्या आरहूस इथल्या अभ्यासांतून. एडिंबरात १९६७ ते १९७९ या काळात ३४,३८० बाळे तपासली गेली आणि जादा गुणसूत्राची मुले मोठी होईपर्यंत पाहिली गेली. क्रूरकर्मे काही निघाले नाहीत. काहींना बोलायला उशीर, काहींना वाचनात अडचण, काही जण चंचल, बुद्ध्यांक भावंडांपेक्षा किंचित खाली. बाकी शाळेतली इतर मुले तशीच ही.

डेन्मार्कमधला एक अभ्यास तर अगदी कसून केलेला. कोपनहेगनमध्ये १९४४ ते १९४७ या वर्षांत जन्मलेल्या पुरुषांतले सर्वात उंच निवडून ४,१३९ जणांची तपासणी केली. बारा एक्सवायवाय सापडले. कोर्टाच्या नोंदी काढल्या तर बारापैकी पाच जणांवर कधी ना कधी गुन्हा शाबीत झालेला होता. इतर पुरुषांत हे प्रमाण साधारण ९ टक्के. म्हणजे फरक होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण गुन्हे बहुतेक किरकोळ चोऱ्यामाऱ्यांचे. हिंसेचा खास कल दिसला नाही. कमी शिक्षण आणि बौद्धिक चाचणीतले कमी गुण यांत या फरकाचा काही भाग मिळाला. हा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

तेव्हा ‘असले संशोधन मुळात होऊच नये’ म्हणणाऱ्यांना मी पूर्ण होकार देऊ शकत नाही. ते झाले नसते तर कारस्टेअर्सचे सात जणच आजही पुरावा म्हणून दाखवले गेले असते. पण या शोधाची किंमत काही शे मुलांनी भरली, ज्यांना कुणी विचारले नव्हते. तान्ह्या बाळाची सही आई करते. चाळिशीतल्या पुरुषाला ‘माझ्याविषयीची ही माहिती मला नको होती’ असे वाटले, तर ती सही मागे घेता येत नाही.

एखाद्या मुलाच्या कपाळी लागतो तो डाग अख्ख्या समाजाच्या कपाळीही लागू शकतो. १९९३ मध्ये हान ब्रुनर यांनी एका डच घराण्यातल्या पुरुषांत ‘एमएओए’ हे जनुक पूर्ण बंद पडलेले असल्याचे दाखवले. त्या पुरुषांत बौद्धिक मंदत्व आणि रागाचे झटके होते. ही फार दुर्मिळ गोष्ट. त्याच जनुकाचा एक सौम्य, कमी काम करणारा प्रकार मात्र युरोपीय वंशाच्या साधारण एकतृतीयांश पुरुषांत असतो. २००४ मध्ये माकडांवरच्या अभ्यासाची वार्ता देताना एका मथळ्यात त्याला ‘योद्धा जनुक’ म्हटले गेले. दोन वर्षांनी ब्रिस्बेनच्या परिषदेत न्यूझीलंडच्या संशोधकांनी सांगितले, की माओरी पुरुषांत हा प्रकार जास्त, निम्म्याहून अधिक जणांत दिसतो. मूळ काम दारू आणि तंबाखूच्या व्यसनाविषयीचे होते. नमुना होता ४६ पुरुषांचा. दुसऱ्या दिवशी बातम्या माओरींच्या हिंसेच्या आणि गुन्हेगारीच्या. संशोधक म्हणाले, आमच्या बोलण्याचा विपर्यास झाला. आधीच्या एका अभ्यासात हाच प्रकार चिनी पुरुषांत ७७ टक्के आढळला होता. त्यांना कुणी जन्मजात योद्धे ठरवले नाही! ज्या समाजाविषयी लोकांच्या मनात आधीच काही बसलेले असते, त्यालाच जनुकाचे लेबल पटकन चिकटते.

रक्त देणाऱ्या सेहेचाळीस जणांनी कागदावर सही केली असेलही. बातमीचा भार मात्र ज्यांनी रक्त दिले नव्हते अशा लाखो माओरींवर पडला. अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासुपाई आदिवासींनी १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले होते. तेच नमुने पुढे स्किझोफ्रेनिया आणि जमातीतले आपसातले विवाह अशा विषयांसाठी वापरले गेल्याचे त्यांना नंतर कळले. ते कोर्टात गेले. २०१० मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त परत केले.

महाराष्ट्रात बसून हे वाचताना आपल्याला परके वाटायचे कारण नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमाती ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करायला सुरुवात केली. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड पिढ्या वाढल्या. तेव्हा जनुकाचे नावही कुणाला माहीत नव्हते, पण विचार तोच: बाप चोर म्हणून पोर चोर. कायदा १९५२ मध्ये गेला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा पारधी वस्तीवर जाते, ही तक्रार मात्र अजून ऐकू येते. अशा वस्तीतून रक्ताचे नमुने घेऊन कुणी ‘आक्रमकतेचे जनुक’ शोधू लागला, तर त्याला संशोधन म्हणायचे का, हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाही.

आता या क्षेत्राचे रूप पालटले आहे. एखाद्या गुणसूत्राकडे किंवा जनुकाकडे बोट दाखवण्याचे दिवस गेले. २०१८ मध्ये सुमारे ११ लाख लोकांची जनुकीय माहिती एकत्र करून, माणूस किती वर्षे शिकतो याच्याशी संबंध असलेली १,२७१ ठिकाणे शोधली गेली. प्रत्येकाचा प्रभाव नगण्य. सगळ्यांची बेरीज करून काढलेल्या गुणांकाने शिक्षणातल्या फरकाचा ११ ते १३ टक्के भाग समजावता आला. पण तोच गुणांक अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना लावला तर दोन टक्केसुद्धा नाही. एक चांगले झाले: संशोधकांनी निबंधाबरोबर एक लांबलचक प्रश्नोत्तरी प्रसिद्ध केली आणि यातून काय सिद्ध होत नाही, हे साध्या भाषेत मांडले. १९६५ च्या त्या मथळ्यानंतर एवढी अक्कल आली म्हणायची. पण त्याच अमेरिकेत काही कंपन्या असे गुणांक काढून आयव्हीएफमधले गर्भ निवडायची सेवा विकू लागल्या आहेत. प्रश्नोत्तरी वाचायला तिथे कुणाला सवड आहे?

भारतात आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. जनुकीय संशोधनात आधी समुपदेशन, नमुना पुढे कशासाठी वापरणार याची स्पष्ट संमती, आणि सात वर्षांवरच्या मुलाला त्याला समजेल असे सांगून त्याचा स्वतःचा होकार, असे त्यात सांगितले आहे. कागदावर हे चांगले आहे. जीनोम इंडियाने दहा हजार भारतीयांचे जनुकीय आराखडे तयार केले आहेत आणि ती माहिती फरिदाबादच्या केंद्रात संशोधकांसाठी ठेवली आहे. उद्या त्यावर आजारांबरोबर वर्तनाचेही प्रश्न विचारले जातील. आपल्याकडे कुणी नमुना मागितला तर दोन गोष्टी नक्की विचाराव्यात: हे रक्त या एकाच कामासाठी आहे की पुढेही वापरणार, आणि काही सापडले तर ते मला कळवणार की नाही, हे मी ठरवू शकतो का.

जादा वायचा प्रश्न मात्र संशोधनशाळेतून आता थेट दवाखान्यात आला आहे. गरोदर स्त्रीच्या रक्तातून बाळाची गुणसूत्रे चाळणारी चाचणी दहाव्या आठवड्यापासून करता येते. गर्भजलाच्या तपासणीतही एक्सवायवाय दिसू शकते. आपल्याकडे गर्भलिंग सांगायला कायद्याने बंदी आहे आणि हा शब्द उच्चारला की मुलगा आहे हे आपोआप कळते, म्हणून प्रकरण आणखी नाजूक. घाबरलेले जोडपे रात्री मोबाइलवर शोधू लागले की पन्नास वर्षांपूर्वीचा तो कचरा अजूनही वर येतो. रक्ताची ही चाचणी फक्त चाळणी आहे, निदान नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे, आणि जनुकीय समुपदेशकाशी बोलल्याशिवाय काहीही ठरवू नये. त्याने सांगायला हवे ते असे: मूल उंच होईल, बहुधा सर्वसाधारण बुद्धीचे असेल, मोठेपणी सहसा बापही होऊ शकेल, बोलणे, वाचणे, एका जागी बसणे यांत मदत लागू शकते. आणि दोन वर्षांचे पोर बोलत नसेल तर वाचाउपचार सुरू करायला गुणसूत्रांचा अहवाल लागत नाही.